शेवटचं पान आधी वाचणारी बाई

शैलजाबाईंना एक खोड होती. कुठलीही कादंबरी हातात आली की त्या आधी तिचं शेवटचं पान वाचत. रहस्यकथा असली तर हमखास. खुनी कोण ते एकदा कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि मग त्या निवांतपणे पहिल्या पानाकडे वळायच्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण त्या सांगूनही टाकत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मल्लिनाथरावांच्या हातातलं पुस्तक बघून त्या सहज म्हणाल्या, "तो कंपाउंडर आहे हो खुनी." मल्लिनाथरावांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि दोन दिवस धड बोलले नाहीत. त्या वयात नव्या नवरीवर रुसायचं म्हणजे तसं अवघडच, पण ते रुसले.

दोघांचंही तसं उशिराचं लग्न. शैलजाबाईंचं पहिलं, मल्लिनाथ बिराजदारांचं दुसरं. बाईंनी सारा जन्म सोलापुरात दहावीचे गणिताचे क्लास घेण्यात घालवला होता. त्यांचे 'अपेक्षित प्रश्न' अख्ख्या शहरात चालायचे. परीक्षेत काय येणार आणि त्याचं उत्तर काय लिहायचं, दोन्ही त्यांच्याकडे तयार. मुलांनी नुसतं गिळायचं. मल्लिनाथराव पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होते, पायांनी जिल्हा तुडवलेला माणूस. पहिली बायको गेल्यावर एकटे पडले होते. बाईंच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचे. जिन्यात पुस्तकांवरून बोलणं सुरू झालं आणि हळूहळू गाडी लग्नापर्यंत आली. लग्नानंतर ते खाली बाईंच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. पाच-सहा वर्षं दृष्ट लागावी अशी गेली.

मग मल्लिनाथरावांना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण तापानं मधली काही वर्षं पुसून नेली. त्या वर्षांत शैलजाबाई होत्या. पुण्यातला मुलगा शिवकुमार आठवत होता, पहिली पत्नी वारल्याचं आठवत होतं, जिल्ह्यातला प्रत्येक कालवा आठवत होता. ही बाई तेवढी आठवत नव्हती. त्याहून वाईट म्हणजे नवीन काही टिकतही नव्हतं. अर्ध्या तासापूर्वीचं सगळं गळून जायचं.

रोज सकाळी आतली कडी काढल्याचा आवाज यायचा. मल्लिनाथराव बाहेर यायचे, दारातच थांबायचे आणि अदबीनं विचारायचे, "माफ करा, आपण कोण? ओळखलं नाही मी."

बाईंचं उत्तर तयार असायचं. "मी शैलजा, तुमची पत्नी. आपलं लग्न होऊन सहा वर्षं झाली. मधे तुम्हाला मेंदूज्वर झाला, म्हणून आठवत नाही. काळजीचं कारण नाही, चहा घ्या."

"हो का? बरं, बरं," असं म्हणून ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या काठावर बसत. घर त्यांच्या ओळखीचं नव्हतंच. रात्री झोपताना खोलीला आतून कडी लावत. मुलाला फोनवर हळूच सांगत, "परक्या बाईच्या घरी कसं राहायचं रे? बरं दिसत नाही."

हे बाईंना स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आता यावर माणसानं काय करावं? रागवायचं तरी कोणावर?

शिवकुमार वाईट नव्हता. तो सावत्र आईला मावशी म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. एक दिवस तो फोनवर म्हणाला, "मावशी, तुम्ही किती करताय ते मला दिसतंय. पण बाबांना तिथं परकं वाटतं. इथं निदान मला तरी ओळखतील. संक्रांतीला येतो आणि त्यांना घेऊन जातो. तोपर्यंत तुम्ही म्हणता ते हॉस्पिटलचे उपचार करून बघा. तुम्हाला ओळखायला लागले तर प्रश्नच मिटला."

म्हणजे संक्रांतीपर्यंत नवऱ्यानं आपल्याला ओळखलं पाहिजे. नाही तर तो पुण्याला जाणार. आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतलेल्या बाईंना आता स्वतःलाच परीक्षेला बसायचं होतं.

हॉस्पिटलात एक संशोधन विभाग होता आणि तिथं यास्मिन बागवान होती. ती डॉक्टर नव्हती, खेळ बनवायची. तिच्या खेळांपायी पोरं जेवण विसरतात हे बघून तिथल्या डॉक्टरांनीच तिला बोलावून घेतलं होतं. एके काळी ती बाईंच्या क्लासला होती. त्यामुळे बाई आत आल्या की हातातलं काम टाकून उभी राहायची.

"मॅडम, सोपं करून सांगते," ती म्हणाली. "मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. आपल्याला काही नवं, अनपेक्षित दिसलं की तो जागा होतो आणि आठवणी साठवणाऱ्या भागात एक रसायन सोडतो. मग त्या तासाभरात जे घडतं ते पक्कं होतं. ओल्या सिमेंटवरून मांजर चालत गेलं की पावलं उमटून राहतात ना, तसं. तुम्ही कुठं सहलीला गेला असाल तर तिथला भजीवालासुद्धा आठवतो. घरी केलेली भजी कोणाच्या लक्षात राहतात? सरांचं सिमेंट कोरडं पडलंय. ते ओलं करायचं, एवढंच आमचं काम."

त्यासाठी तिनं एक शिरस्त्राण बनवलं होतं. ते डोक्यावर चढवलं की डोळ्यांपुढं एक जग उभं राहायचं आणि त्याच वेळी ते यंत्र निळ्या ठिपक्याची नाडी बघत राहायचं. खेळाचं नाव होतं 'अनवट'. त्यातलं जग आधी तयार केलेलं नसायचं, खेळणारा चालेल तसं ते घडत जायचं. फार ओळखीचं झालं तर ठिपका पेंगतो, फारच विचित्र झालं तर माणूस घाबरतो. यंत्र या दोन्हींच्या मधली जागा धरून ठेवायचं. शिवाय ठिपक्याला अधूनमधून ध्वनिलहरींचा हलकासा टेकू द्यायचं, म्हणजे रोजच्या सवयीनं हळूहळू तो आपला आपणच जागा होऊ लागेल.

"एकच पथ्य," यास्मिन म्हणाली. "शोधायचं त्यांचं त्यांनी. दाखवलेलं चालत नाही. सापडलं पाहिजे."

पथ्य ऐकायला सोपं होतं. पण पहिल्याच दिवशी मल्लिनाथराव एका डोंगरातल्या वाटेवर उभे राहिले, शेजारच्या पडद्यावर बाईंना ते सगळं दिसायला लागलं आणि त्यांना काही राहवेना.

"अहो, डावीकडे. त्या दगडामागं दार आहे."

मल्लिनाथराव निमूटपणे डावीकडे गेले आणि दार उघडलं. पडद्यावरची ठिपक्याची रेघ आडवी झोपली.

"मॅडम," यास्मिन म्हणाली.

"हो, हो. चुकलं."

थोड्या वेळानं पुन्हा. "अहो, पाण्यात बघा की, पाण्यात."

यास्मिननं खेळ थांबवला. तिला हसूही येत होतं आणि वैतागही आला होता. "मॅडम, तुम्ही अपेक्षित प्रश्न वाटताय. त्यांना परीक्षा द्यायची नाहीये."

बाई ओशाळल्या. पर्समधून लवंग काढून त्यांनी दाढेखाली धरली. "ही तोंडात असेपर्यंत मी बोलत नाही. वडलांनी लावलेली सवय आहे. फार बोलायचे मी लहानपणी."

"अजून पुडी भरून आणा," यास्मिन म्हणाली.

लवंगेनं काम केलं. बाई गप्प बसू लागल्या आणि मल्लिनाथराव हिंडू लागले. एका विहिरीच्या तळाशी त्यांना बाजारपेठ सापडली. एका पक्ष्याच्या मागं गेले तर एक बुडालेलं गाव लागलं. शिरस्त्राण काढल्यावर त्यांचा चेहरा उजळलेला असायचा, हातवारे करून सांगायचे, "भिंतीवर नकाशा होता हो, पण उलटा. मग मी पाण्यात त्याचं प्रतिबिंब बघितलं."

आणि मग तो ओल्या सिमेंटचा तास. बाई त्या वेळेत आपली चार वाक्यं सांगत. स्पष्ट, सावकाश, फळ्यावर लिहावं तशी.

महिन्याभरानं एके सकाळी मल्लिनाथराव दारात आले, थांबले आणि म्हणाले, "आपण शैलजाबाई. माझ्या पत्नी. लग्नाला सहा वर्षं झाली."

बाईंच्या हातातलं पातेलंच निसटलं. त्यांनी शिवकुमारला फोन केला, शेजाऱ्यांना पेढे वाटले, यास्मिनला डबा भरून शेंगापोळ्या नेऊन दिल्या. दिवसभर पाय जमिनीवर ठरत नव्हते.

रात्री मल्लिनाथराव आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लागली.

दुसऱ्या दिवशी चहा देताना बाईंनी विचारलं, "काय हो, मी तुमची पत्नी ना? मग मी कशी आहे?"

मल्लिनाथराव गोंधळले. अभ्यासाबाहेरचा प्रश्न आल्यावर मुलांचा चेहरा व्हायचा तसाच त्यांचा झाला. "चांगल्या आहात," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "लग्नाला सहा वर्षं झाली." मग एकदम खुलून त्यांनी विचारलं, "ती विहिरीतली बाजारपेठ ठाऊक आहे का तुम्हाला? तिथं एक बोळ राहिलाय माझा बघायचा."

विहिरीतली खोटी बाजारपेठ त्यांना आतून आठवत होती, बोळांसकट. आणि खरी बायको नुसती पाठ झाली होती. बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांड्यांचा आवाज करत रडल्या. फोनवर त्यांचा आवाज ऐकूनच शिवकुमारला काय ते समजलं. "मावशी, मी ठरल्याप्रमाणे येतोच," तो म्हणाला.

त्या तशाच यास्मिनकडे गेल्या.

"मला त्या खेळात घाल," त्यांनी सांगितलं. "विहिरीतल्या बाजारात मला उभी कर. म्हणजे मी त्यांना सापडेन."

यास्मिननं मान हलवली. "घालता येईल की. पण मग त्यांना खेळातली बाई आठवेल. घरी येऊन तुम्हाला विचारतील, ती कुठं गेली?"

बाई खुर्चीत बसल्या. यास्मिननं त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला.

"मॅडम, एक सांगू? आमच्या धंद्यात पहिला धडा काय शिकतो आम्ही? खेळाडूच्या हातात किल्ली दिली की तो तिला विसरतो. तीच किल्ली फडताळामागं दडवली आणि त्याला खटपट करून काढायला लावली, तर आयुष्यभर सांगत सुटतो, मी अशी किल्ली काढली म्हणून. गोष्टीचंही तेच. वाचणारा स्वतःच अंदाज बांधतो, चुकतो, परत बांधतो, तोवर ती गोष्ट त्याची होते. तुम्ही सरांना रोज सकाळी शेवटचं पान वाचून दाखवताय. बायको कोण, लग्न कधी, आजार कुठला. त्यांना शोधायला काही शिल्लकच ठेवलं नाहीत."

"माझ्यात शोधण्यासारखं आहे काय गं?" बाई म्हणाल्या. "साठीची मास्तरीण मी."

यास्मिननं आपली खुर्ची जवळ ओढली. "तुमच्या क्लासचा मला एकच तास आठवतो," ती म्हणाली. "वर्तुळाचा तो प्रश्न. तुम्ही फळ्यावर सोडवायला घेतलात आणि अडकलात. दोनदा पुसलंत. मग आमच्याकडे वळून म्हणालात, मला येत नाहीये, बघा बरं तुम्हाला सुचतं का."

बाईंचा चेहरा कसनुसा झाला. त्या दिवशी घरी जाऊन त्या जेवल्याही नव्हत्या. "तेवढंच बरं आठवतं तुला."

"अहो, सगळा वर्ग जागा झाला होता त्या दिवशी. शेवटच्या बाकावरची पोरं फळ्यापाशी आली. तुमच्या डोळ्यांत काहीतरी निराळंच होतं. बाकी वर्षभरातलं एक अक्षर सांगा म्हटलं तर सांगता येणार नाही मला. तो तास मात्र आठवतो. मी खेळ बनवायला लागले ती त्या तासामुळं."

घरी येताना बाईंच्या डोक्यात तोच फळा फिरत होता. पुढच्या काही दिवसांत मल्लिनाथरावांचं ते पाठांतरही गळून गेलं आणि सकाळचं 'आपण कोण?' परत आलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी शिरस्त्राणाची पाळी होती. बाई हॉस्पिटलात गेल्याच नाहीत. मनगटावरचा वाटाड्या त्यांनी काढून टेबलावर ठेवला, मल्लिनाथरावांचाही उतरवला, फोनही शेजारी ठेवला. हा वाटाड्या म्हणजे सगळ्यांच्याच हातात असायचा तो पट्टा. कुठं वळायचं, किती चालायचं, सगळं तो कानात सांगायचा. तो आल्यापासून सोलापुरात कोणी वाट चुकलं होतं असं ऐकिवात नव्हतं. रस्त्यात कोणी कोणाला पत्ता विचारत नसे. बाईंना तो फार आवडायचा.

त्यांनी रस्त्यावरची एक बिनचालक रिक्षा थांबवली, मल्लिनाथरावांना बसवलं आणि म्हणाल्या, "सरळ चल." मंगळवेढ्याच्या रस्त्याला बरंच पुढं गेल्यावर कुठल्याशा फाट्यावर त्या म्हणाल्या, "इथं थांब."

"परतीसाठी थांबू का?" रिक्षेनं विचारलं.

"नको. जा तू."

रिक्षेनं पुन्हा एकदा विचारलं. असं उत्तर तिला कोणी दिलेलं नसावं. मग ती गेली.

"कुठं चाललोय आपण?" मल्लिनाथरावांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

हे वाक्य तोंडातून काढताना त्यांना विचित्र वाटलं. मल्लिनाथरावांनी वळून त्यांच्याकडे नीट बघितलं.

त्यांचा बेत असा की थोडं आत जायचं, काहीतरी बघायचं आणि फाट्यावर परत यायचं. पण उसाच्या शेतांना असल्या बेतांशी काही देणंघेणं नसतं. दोन्हीकडे पुरुषभर ऊस, मधून पाऊलवाट. ती वाट एका बंद पडलेल्या मोटारपंपापाशी संपली. मागं वळावं तर तीन फाटे, तिन्ही एकसारखे. बाईंनी सवयीनं मनगट वर उचललं. मनगटावर नुसता पट्ट्याचा पांढरा वण होता. त्यांनी एक फाटा धरला, मग दुसरा. उन्हं चढली. बाटलीतलं पाणी संपलं. मल्लिनाथरावांच्या गोळीची वेळ टळून गेली होती आणि गोळी पर्समध्ये असून पाण्यावाचून उपयोगाची नव्हती.

आपण काय करून बसलो, असं त्यांच्या मनात आलं. आजारी माणसाला रानात आणून सोडलं. त्या बांधावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. हे काही नाटक नव्हतं. त्या खरोखरच चुकल्या होत्या.

मल्लिनाथराव चार पावलं पुढं गेले होते. ते परत आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच रोजचा गोंधळ होता. पुन्हा अर्धा तास उलटला होता, मागचं सगळं गळून गेलं होतं.

"माफ करा," ते म्हणाले, "आपण कोण?"

चार वाक्यं जिभेवर आली. मी शैलजा, तुमची पत्नी. बाईंनी डोळे पुसले.

"मी वाट चुकलेय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखीच."

"अस्सं." मल्लिनाथराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाठ सरळ झाली. "मग रडून कसं चालेल, बाई? उठा." त्यांनी उन्हाकडे बघितलं, वाकून उसाला पाणी देणाऱ्या चारीतल्या चिखलात बोट घातलं. "पाणी इकडून तिकडं गेलंय. म्हणजे उतार तिकडं. चारीच्या कडेनं गेलो की ओढा लागेल. ओढ्याला माणूस असतोच."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? बघू या."

हे 'बघू या' त्यांनी असं काही म्हटलं की बाई उठल्या. पुढं ते, मागं त्या. मधे एकदा वाट काट्यांनी अडली तेव्हा त्यांनी मागं हात केला आणि बाईंनी तो धरला. काटे संपले तरी तो कोणी सोडला नाही.

ओढा लागला. ओढ्यापलीकडे एक पत्र्याचं घर होतं आणि घरापुढच्या अंगणात भोपळे होते. परसातल्या वेलावरचे भाजीचे नव्हेत. घागरीएवढे, काही तर रांजणाएवढे, सुकून पिवळट तपकिरी झालेले, गवताच्या बिछान्यावर ओळीनं मांडलेले. काही पडवीच्या आढ्याला दोरीनं टांगलेले. सबंध अंगण भरलं होतं.

दोघेही जागच्या जागी उभे राहिले.

बाईंनी जवळच्या भोपळ्याला हात लावला. कोरडा, हलका, लाकडासारखा कठीण. "हे काय असेल हो?" त्यांनी विचारलं.

घरातून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली. नाव हौसाबाई, ते नंतर कळलं. तिनं पाण्याचा तांब्या दिला, गोळी घेतली गेली आणि मग ती सांगू लागली, "ते व्हय? ते हायत–"

"थांबा," शैलजाबाई म्हणाल्या. "सांगू नका."

आपलाच आवाज ऐकून त्या चकित झाल्या. मल्लिनाथरावही त्याच वेळी हात वर करून तेच म्हणत होते. हौसाबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि खांद्यावर पदर ओढून ती ओट्यावर बसली. शहरातली माणसं काय करतील याचा नेम नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"पोहायला," शैलजाबाई म्हणाल्या. "पाठीला बांधून पोरं विहिरीत उडी मारायची ना, तसलं काही."

"एवढे? गावातल्या सगळ्या पोरांना पुरून उरतील." मल्लिनाथराव वाकून एकेका भोपळ्याभोवती फिरू लागले. "बियाण्यासाठी असतील? पण मग टांगायचे कशाला? बघा, एकालाही डाग पडू दिलेला नाही. भाजी नाही ही, जपलंय यांना."

त्यांनी बोटाच्या पेरानं एकावर टकटक केली. थांबले. शेजारच्यावर केली. मग मोठ्यावर.

"इकडं या," ते म्हणाले. "कान लावा."

शैलजाबाईंनी गुडघे टेकले आणि भोपळ्याला कान लावला. दुसऱ्या बाजूनं मल्लिनाथरावांनी लावला. त्यांनी टकटक केली आणि आतून एक खोल, गोल आवाज उमटला, बराच वेळ घुमत राहिला. भोपळ्यावरून त्यांना एकमेकांचे डोळे तेवढे दिसत होते. बाईंना हसू फुटलं. शाळकरी पोरीसारख्या त्या खिदळायला लागल्या आणि थांबता थांबेनात.

कोपऱ्यात एक तडकलेला भोपळा पडला होता, एका अंगानं सपाट कापलेला. मल्लिनाथरावांनी तो उचलला, उलटा-सुलटा केला, कापलेली बाजू पुढं करून मांडीवर धरला. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि बोटं हवेतच हलली.

"तंबोरा," ते हळूच म्हणाले. "अहो, तंबोऱ्याचे भोपळे आहेत हे."

"तंबोऱ्याचंच हायत," हौसाबाई म्हणाली. तिलाही आता आनंद झाला होता. "मिरजंला जात्यात की."

हौसाबाईनं ताक दिलं आणि तिच्या दिरानं त्यांना टमटममधून शहराच्या वेशीपर्यंत आणून सोडलं. वाटेत मल्लिनाथराव सारखे बोलत होते. हाच तो ओल्या सिमेंटचा तास. आता सांगावं, बाईंना वाटलं, पुन्हा असा तास मिळायचा नाही. उद्या संक्रांत. त्यांनी पर्समधून लवंग काढली आणि दाढेखाली धरली.

घराच्या दारात शिवकुमार येरझाऱ्या घालत होता. तो एक दिवस आधीच आला होता, सगळ्यांना फोन करून झाले होते. "मावशी, पट्टे घरात, फोन घरात. काय समजायचं मी? बाबांना काही झालं असतं म्हणजे?" त्याचा आवाज कापत होता. "मी उद्या सकाळी त्यांना घेऊन जातो. आता ऐकणार नाही मी."

त्यात खोटं काही नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि मल्लिनाथरावांची बॅग भरायला घेतली. त्यांच्या उशाशी असलेली रहस्यकथा बाईंनी बॅगेत वरच ठेवली, आणि तिचं शेवटचं पान उघडलं नाही.

सकाळी बॅग दाराशी होती. शिवकुमार टेबलापाशी बसला होता. बाई तव्यावर तिळाच्या पोळ्या शेकत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष मल्लिनाथरावांच्या खोलीकडे होतं. कडीचा आवाज त्यांना इतका पाठ होता की तो न होताच दार उघडलं तेव्हा त्या दचकल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

मल्लिनाथराव दारात थांबले आणि बाईंकडे बघत राहिले. बाईंनी तोंड मिटून ठेवलं. आज तोंडात लवंग नव्हती तरी मिटून ठेवलं.

शिवकुमारलाच राहवलं नाही. "बाबा, या कोण आहेत, आठवतं का?"

"या?" मल्लिनाथरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग हळूहळू त्या मिटल्या. "यांना काल रस्ता ठाऊक नव्हता."

शिवकुमारनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बांधावर बसून रडत होत्या. मी म्हटलं, उठा, बघू या." ते टेबलापाशी आले आणि खुर्ची ओढून पाठ टेकून बसले. "मग भोपळे सापडले आम्हाला. यांनी कान लावला आणि काय हसल्या म्हणून सांगू तुला. असं हसणारं माणूस–" त्यांना पुढचा शब्द मिळेना. त्यांनी तो सोडून दिला आणि बाईंकडे बघून विचारलं, "आज कुठं जायचं?"

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. बाईंनी ती उतरवली, कारण तेवढंच त्यांना सुचलं. शिवकुमार उठला. दाराशी असलेली बॅग त्यानं उचलली आणि वडलांच्या खोलीत नेऊन ठेवली. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"तुमचं नाव काय?" मल्लिनाथराव बाईंना विचारत होते. आणि लगेच त्यांनी हात वर केला. "थांबा. सांगू नका. सापडेल मला."

नाव सांगायला शिवकुमारचं तोंड उघडलं होतं. शैलजाबाईंनी त्याच्यापुढं गरम पोळी ठेवली, तिच्यावर तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "खा तू. बाबांना घाई नाही."